मागच्या बाजूचा शिक्का

नमस्कार मंडळी, आज जरा वेगळाच विषय घेतलाय, आणि आधीच सांगून टाकतो की मी काही साव म्हणून बोलायला बसलेलो नाहीये, दीडेक वर्ष मी स्वतः हा धंदा केलाय. इथेच न्यू जर्सीत, शनिवार-रविवार डायनिंग टेबलवर पसारा मांडून, जुन्या बेसबॉल कार्डांची रिप्रिंट ऑनलाइन विकायचो. रिप्रिंट हा माझा शब्द हं, बायको सरळ डुप्लिकेट म्हणायची.

ज्यांना हे कार्ड प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी, आपल्या लहानपणी बिग फन बबलगमबरोबर क्रिकेटर्सची चित्रं यायची बघा, त्यावर रन आणि विकेट छापलेल्या असायच्या आणि आपण गम थुंकून चित्र जपायचो, तसलाच प्रकार. फक्त अमेरिकेत हे त्याच्या कितीतरी आधीपासून चाललंय आणि सुरुवातीच्या काळात गमबरोबर नाही तर सिगरेटच्या पाकिटात. 1909 ते 1911 मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनीनं जी कार्डं काढली त्या सेटला टी 206 म्हणतात, त्यात होनस वॅगनर नावाच्या खेळाडूचं कार्ड आहे, त्याची छपाई मध्येच थांबली, कोणी म्हणतं त्याला पोरांनी तंबाखू घेतलेली नको होती, कोणी म्हणतं त्याला पैसे हवे होते. आज जगात साठाच्या आसपासच कार्डं उरलीत आणि त्यातलं एक 2022 मध्ये 72 लाख 50 हजार डॉलरला गेलं. त्याच वर्षी, त्याच महिन्यात, टॉप्स या कार्डं छापणाऱ्या कंपनीचं, मिकी मँटल या खेळाडूचं 1952 चं कार्ड 1 कोटी 26 लाख डॉलरला! आणि गंमत म्हणजे 1952 ची न खपलेली कार्डं पेट्याच्या पेट्या भरून आपण 1960 मध्ये समुद्रात बुडवली, असं टॉप्सचे साय बर्गर स्वतः सांगायचे.

मग एवढं महाग कार्ड तुम्ही-आम्ही कुठून घेणार, तर दहा डॉलरची कॉपी घ्यायची, फ्रेम करायची, पोराच्या खोलीत लावायची. यात वाईट काय? मला तरी काही वाटत नाही, अजूनही नाही. 1909 च्या चित्रावर आता कॉपीराइटही उरलेला नाही, छापा खुशाल. मँटलचं वेगळं, तिथे टॉप्सचा छाप आहे, खेळाडूच्या नावाचे हक्क आहेत, ते घरच्या प्रिंटरवर छापणं मी कधी केलं नाही. (केलं असतं तर इथे सांगितलं नसतं, तो भाग सोडा.)

तर मी लिस्टिंगमध्ये 'रिप्रिंट' लिहायचो, फोटोखाली परत लिहायचो, रात्री शांत झोपायचो. आणि एक दिवस सहज सर्च करताना मला माझंच कार्ड दिसलं. माझंच म्हणजे, त्या एका लॉटमध्ये कटिंग करताना ब्लेड जरा तिरकं गेलं होतं आणि खाली उजव्या कोपऱ्यात केसाएवढी तिरपी रेघ आली होती, ती बघून मी ओळखलं. आता ते पिवळं पडलं होतं, कोपरे गोल झाले होते, बहुतेक चहाच्या पाण्यात बुडवलेलं, आणि खाली लिहिलंय, आजोबांच्या ट्रंकेत सापडलं, मला यातलं काही कळत नाही, जसं आहे तसं विकतोय, परत घेणार नाही. रिप्रिंट हा शब्द कुठेही नाही. खोटंही एक वाक्य नाही, ट्रंक सोडली तर! 'मला कळत नाही' असं म्हणून समोरच्याच्या डोक्यात लॉटरी सोडून द्यायची आणि आपण अळीमिळी गुपचिळी.

तेव्हा मला आईची सेमी पैठणी आठवली. दुकानदार अगदी प्रामाणिकपणे सांगतो ताई ही सेमी आहे, हातमागाची नाही, त्या भावात येवल्याची येणारच नाही. आई घेते, ती मामीला आहेरात जाते, मामी ती पुढे विहीणबाईंना देते, आणि तिसऱ्या घरी पोचेपर्यंत 'सेमी' गळून पडलेलं असतं आणि नुसती पैठणी उरते. मधे कोणीच खोटं बोललेलं नसतं बरं का. माझ्या लिस्टिंगचं हेच झालं, ते लिस्टिंग महिन्याभरात गायब आणि कार्ड मात्र पुढे पन्नास वर्षं हिंडणार. मी खरं बोललो होतो ते पहिल्या गिऱ्हाइकाशी, चौथ्या गिऱ्हाइकाला त्याचा काय उपयोग?

टॉप्सनं स्वतः 1983 मध्ये 1952 चा सेट परत छापला होता, 407 पैकी 402 कार्डं, पाच खेळाडूंशी जमलं नाही म्हणून ती वगळली. त्यांनी साइज बदलला, मूळ कार्ड मोठं होतं, हे अडीच बाय साडेतीन इंच, आणि मागे रिप्रिंट असं छापलं. म्हणजे खूण कार्डाच्या अंगावरच. तरी लोक मागचं ते अक्षर खरवडतात, आणि खरवडलेली जागा झाकायला तिथे कसला तरी डाग पाडतात.

ओळखायचं कसं विचाराल तर भिंग घ्या, आजच्या छपाईत रंग बारीक ठिपक्यांचा असतो, अगदी काळी अक्षरंसुद्धा कधीकधी ठिपक्यांची, जुन्या कार्डावर नाव एकसंध शाईत येतं. आणि तो जांभळा यूव्ही टॉर्च मारा, दुसऱ्या महायुद्धानंतर कागदात पांढरेपणासाठी जे केमिकल यायला लागलं ते लख्ख चमकतं, 1909 च्या कागदानं चमकायचं काही कारणच नाही. पण ज्या माणसाला ट्रंकेची गोष्ट खरी वाटते तो टॉर्च घेऊन बसत नाही हो.

आणि मोठ्यांचंही काही विचारू नका. वॅगनरचं सगळ्यात नावाजलेलं कार्ड, जे एकेकाळी आइस हॉकीवाल्या वेन ग्रेट्स्कीकडे होतं आणि कार्डाची अवस्था बघून गुण देणाऱ्या ग्रेडिंग कंपनीनं ज्याला दहापैकी आठ दिले, त्याच्या कडा नव्या दिसाव्यात म्हणून मीच कापल्या होत्या असं बिल मास्ट्रो या लिलाववाल्यानं 2013 मध्ये कोर्टात कबूल केलं. कार्ड अस्सल, पण कडा कापलेल्या. तरी त्याचा रुबाब काही गेला नाही, हे मला अजून पचत नाही.

कायदा म्हणाल तर अमेरिकेत 1973 पासून हॉबी प्रोटेक्शन ॲक्ट आहे. जुन्या नाण्याची नक्कल केली तर नाण्यावरच कॉपी हा शब्द उमटवावा लागतो, जाहिरातीत नाही, नाण्यावर. निवडणुकीच्या जुन्या बिल्ल्यांच्या नकलेवरही ती नक्कल कुठल्या साली बनवली ते साल लागतं. खेळाडूंची कार्डं मात्र त्यात नाहीत. राहिली.

म्हणून मी काय केलं, 'रिप्रिंट' असा एक रबरी शिक्का बनवून घेतला, न पुसणारी शाई आणली आणि प्रत्येक कार्डाच्या मागे मधोमध ठोकायला लागलो. फोटोतही मागची बाजूच आधी. विक्री निम्म्यावर आली, आणि मग मला कळलं की माझी निम्मी गिऱ्हाइकं नेमकी कोण होती! दीड वर्ष मी नाकानं कांदे सोलत होतो की आपण तर सांगून विकतो.

शेवटच्या महिन्यात एकाचा मेसेज आला. वीस कार्डं हवीत, वर पैसेही जास्त देतो, फक्त शिक्का नको, मुलाच्या खोलीत फ्रेम करून लावायचीयत आणि शिक्क्यानं शो जातो म्हणे. मी त्याला विचारलं, दादा, फ्रेममध्ये मागची बाजू दिसते का?

उत्तर अजून आलेलं नाही.