नितळ पाण्यातलं लोखंड

श्रोतेहो, नमस्कार. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठूनही ऐकत असाल, स्वयंपाक चालू असेल तर चालू द्या, नुसता कान इकडं असला तरी पुरे.

आज लोखंडाविषयी बोलायचं आहे. उद्यमबागेत भट्टीतून ओततात ते लोखंड तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. मी बोलणार आहे ते इतकं बारीक, की त्याचे दोन लाख कण ओळीनं मांडले तर कुठं एक मिलिमीटर भरेल. एकेक कण पाच नॅनोमीटरचा. तुम्ही ते पाहिलेलं आहे बरं का. एखाद्या गरोदर लेकीसुनेला रक्त कमी म्हणून दवाखान्यात सलाइनमधून तपकिरी औषध लावतात ना, आयर्न सुक्रोज, त्यात साखरेच्या वेष्टणातले असलेच लोखंडी नॅनोकण असतात. पाण्यातलं आर्सेनिक धरून ठेवायलाही असले कण कामी येतात.

हा कण जन्मतो कसा, ते क्ष-किरणांनी पाहता येतं. आणि ते पाहायचं तर तो जन्मत असतानाच पाहावं लागतं. हे वाक्य मी पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नका.

पाहायची गरज काय, तर सगळं आकारावर अवलंबून. तूप कढवून झटकन गार केलं की गुळगुळीत बसतं, सावकाश निवू दिलं की रवाळ होतं. तूप तेच, पण एकदम पुष्कळ कण धरले की सगळे बारीक राहतात, मोजकेच धरले की ते मोठे होत जातात. लोखंडाचंही तसंच. औषधात सगळे कण सारखे हवेत, म्हणून सुरुवातीला काय घडतं ते कळायला हवं.

आता एक लग्न सांगते. हे सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मला ते सांगायला आवडतंही.

माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न. गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं. वैशाखाचे दिवस, विहीर तळाला गेलेली. (ती विहीर आधीच निर्माल्य आणि प्लॅस्टिक टाकून निम्मी बुजवली होती, ते वेगळंच. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत विहीर खोदली, ती अजून आहे. आणि आपण घरामागची विहीर बुजवून बोअरवाल्याची गाडी बोलावतो! असो.) तर लग्नासाठी म्हणून घरामागं नवी बोअर मारली. पाणी लागलं, गारेगार, काचेसारखं नितळ. सगळ्यांनी ओंजळीनं पिऊन पाहिलं, जरा जिभेवर कसंसं लागतं म्हणाले, पण नितळ आहे म्हटल्यावर कोण बोलतंय.

हळदीच्या संध्याकाळी निपाणीहून वरपक्ष आला. मोठ्या पातेल्यात चहा ठेवला. आचाऱ्यानं पावडर टाकली आणि पाणी काळं झालं. चहाचा काळा नव्हे, दौतीतल्या शाईचा काळा. दूध ओतलं तर रंग राखी-जांभळट. आचारी दुधवाल्यावर गेला, दुधवाला पावडरीवर गेला, पावडर आणणारा मुलगा रडकुंडीला आला. नवं पाकीट फोडलं, पातेलं बदललं, दूध दुसऱ्या गोठ्यातून आणलं. दुसरा चहासुद्धा तसाच. (पातेली बदलायची बुद्धी होते, पाणी बदलायची होत नाही, हे मी वर्गातही पाहिलंय.)

तेवढ्यात एका धांदरटानं तो चहा कपात भरून बाहेर नेऊन दिला! नवऱ्या मुलाचे मामा, तंबाखूचे व्यापारी, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. त्यांनी कपात पाहिलं, वास घेतला आणि मोठ्यानं म्हणाले, "आमच्याकडं असला चहा म्हशीबी पीत न्हाईत." मांडव गप्प. आतल्या बायकांत करणीची कुजबुज सुरू झाली. नवरीची आई चुलीमागं जाऊन डोळे पुसायला लागली.

मग घरातल्या थोरल्या आजी उठल्या. नव्वदीच्या आसपासच्या, कंबरेत वाकलेल्या. त्यांनी मागच्या दारी सकाळी भरून ठेवलेला हंडा दाखवायला सांगितला. वर तेलकट, रंगीत साय आणि बुडाला तांबडा गाळ. आजींनी बोट बुडवलं, चोळलं, आचाऱ्याला म्हणाल्या, "ह्या पाण्यात लोखंड हाय गा. हिरड्यात हिराकस घातल्यावानी झालंय बग तुझा चहा." त्यांच्या लहानपणी घरी हिरडा आणि हिराकस (म्हणजे लोखंडाचा क्षार) यांची शाई करत, जंगलात हिरडा भरपूर. "हंडा हलवू नको, वरचं निवळ पाणी तेवढं काढ, फडक्यातनं गाळ आणि त्याचा चहा कर."

चहा झाला. लालसर, सुंदर. आल्याचा तुकडा आचाऱ्यानं टाकलाच, मला चहात आलं आवडत नाही, पण त्या दिवशी मी काही बोलले नाही.

मामांनी दोन कप घेतले. मग स्वतः मागच्या दारी आले, हंड्यात वाकून पाहिलं आणि आजींना विचारलं, "आजी, सकाळी पाणी नितळ हुतं म्हनता. तवा हे लोखंड कुठं हुतं? आणि तांबडं कधी झालं?"

आजी म्हणाल्या, "ते मला काय म्हाईत? ह्या मास्तरीण बसल्यात की, त्यास्नी इचार."

श्रोतेहो, सगळं विज्ञान या दोन प्रश्नांत आलं. कुठं होतं, आणि कधी झालं.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. जमिनीखाली हवा पोचत नाही, तिथं लोखंड विरघळलेलं असतं, एकेक अणू सुटा. शाळेत शिकलेलं फेरस लोखंड ते. त्याला जवळपास रंग नसतो. पाणी वर आलं, हवा लागली, की ऑक्सिजन त्याचा आणखी एक इलेक्ट्रॉन काढून घेतो आणि फेरसचं फेरिक होतं. फेरिकला साध्या पाण्यात सुटं राहणं जमत नाही. चहा असला तर ते चहातल्या टॅनिनला, म्हणजे तुरट अंशाला (हिरड्यातही तोच असतो), जाऊन मिळतं आणि काळं होतं. चहा नसला तर मधे ऑक्सिजन घेऊन एक लोखंड दुसऱ्याला जोडलं जातं, दुसरं तिसऱ्याला, आणि काही नॅनोमीटरचा कण होतो. त्याचं नाव फेरिहायड्राइट. हंड्यातला तांबडा गाळ बहुतांशी तोच. पुढं त्याचं हळूहळू गोथाइट किंवा हेमाटाइट होतं. आपल्या जांभ्या दगडाला रंग देतात ते हेच दोघे.

दुसरा प्रश्न मात्र कठीण. गाळ दिसला तेव्हा जन्म कधीच होऊन गेलेला असतो. कण गाळून, वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा म्हटलं तर वाळताना कण एकमेकांना चिकटतात, रूप बदलतात. आणि साध्या प्रकाशाची लाट चारशे ते सातशे नॅनोमीटरची, तिला पाच नॅनोमीटरचा कण काय दिसणार? क्ष-किरणाची लाट एका नॅनोमीटरच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे अणूच्याच मापाची. ती पाण्यातूनही जाते. म्हणून जन्मत असतानाच पाहायचं तर क्ष-किरण हवेत. (रोंटगेननी १८९५ साली ते शोधले आणि पेटंट घेतलं नाही. आज एका एक्स-रेला किती मोजता ते तुम्हालाच ठाऊक.)

हे किरण तीन तऱ्हांनी कामाला लावतात. पहिली, शोषण. किरणाची ऊर्जा वाढवत नेली की ७११२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (हे ऊर्जेचं माप) सुमारास लोखंड तो एकदम गिळायला लागतं. ती पायरी फेरसला थोडी अलीकडं, फेरिकला काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट पलीकडं. म्हणजे पायरी सरकताना पाहिली की फेरसचं फेरिक होताना पाहिलं. त्याच आलेखातून लोखंडाचा शेजारी कोण आणि किती अंतरावर, तेही निघतं. दुसरी, विखुरणं. कण जितका मोठा, तितके किरण सरळ रेषेच्या जवळ विखुरतात, त्यावरून आकार कळतो. तिसरी, विवर्तन. अणू शिस्तीनं रांगेत बसले असतील तर टोकदार रेषा उमटतात, कण बारीक असेल तर त्या पसरट होतात. पॉल शेरर यांनी १९१८ मध्ये याचं सूत्र दिलं. फेरिहायड्राइट इतकं बारीक आणि बेशिस्त, की त्याचे नुसते फुगवटे दिसतात.

परत सांगते, कानाला लागू दे: शोषणातून लोखंडाची अवस्था, विखुरण्यातून आकार, विवर्तनातून रचना.

दवाखान्यातल्या यंत्राचं हे काम नाही, त्याला किरण फार प्रखर लागतात. आपल्याकडं ते इंदूरला मिळतात, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात. हे रामण्णा अणुशास्त्रज्ञ, आपल्याच कर्नाटकातले, तुमकूरकडचे. तिथल्या इंडस-२ यंत्रात १७२.५ मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन धावतात आणि वळताना क्ष-किरण सोडतात. त्या किरणासमोर बारीक काचनळी धरायची आणि दोन द्रावणं एकत्र करून तिच्यातून वाहती ठेवायची. जिथं ती मिसळतात तिथून जेवढं पुढं पाहाल, तेवढा कण वयानं मोठा. नळीवर किरण पुढं-पुढं सरकवत नेला की कणाचं सगळं बालपण क्रमानं समोर येतं.

द्रावण वाहतं ठेवायचं आणखी एक कारण आहे. इतका प्रखर किरण एकाच जागी पाण्यावर पडत राहिला तर तो पाण्याचे रेणू फोडतो आणि त्या तुकड्यांमुळं लोखंडाची अवस्थाच बदलते. पाहणाऱ्यामुळंच पोर बिघडायचं! म्हणून दर क्षणी ताजं द्रावण समोर यायला हवं.

अशा पाहण्यांतून कळलं ते असं, की कण दर वेळी एकेक अणू चिकटून वाढत नाही. पुष्कळदा आधी इवले पुंजके होतात आणि ते पुंजकेच एकमेकांना जोडले जातात.

वेळ संपत आली. ज्यांनी यंदा नवी बोअर मारली आहे त्यांनी एवढं करा. ताज्या पाण्याच्या पेल्यात चिमूटभर हिरड्याची पूड टाका. निळसर काळं झालं तर लोखंड आहे. पाणी रात्रभर उघड्या तोंडाच्या भांड्यात पातळ फडकं बांधून ठेवा, सकाळी न हलवता वरचं निवळ काढून घ्या, आणि एकदा तालुक्याला नेऊन तपासून आणा. नमस्कार.