कामाचा दिवस कुठे संपतो?

पुण्यात वाकडचा उड्डाणपूल ओलांडला की हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्ककडे जाणारा रस्ता लागतो. इथल्या संगणक अभियंत्यांच्या तक्रारींत वर्षानुवर्षे पहिला क्रमांक वाहतूक कोंडीचा होता. 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागू झाली, हा रस्ता ओस पडला आणि कार्यालयातले लॅपटॉप कोथरूड, सिंहगड रस्ता, पिंपळे सौदागर इथल्या घरांत, तर अनेकांच्या बाबतीत थेट लातूर, अकोला, सांगलीकडच्या गावच्या घरी पोहोचले. प्रवासाचा शीण गेला, मुले डोळ्यांसमोर राहिली, आईवडिलांच्या आजारपणात रजेसाठी अर्ज करण्याची वेळ टळली. घरून काम करण्याने माणसाला काय दिले, हे विसरून त्याच्या ताणाविषयी बोलणे अन्यायाचे होईल.

या पद्धतीची काटेकोर तपासणी महासाथीच्या कितीतरी आधी चीनमध्ये झाली होती. शांघायमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीने 2010 मध्ये अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या मदतीने कॉल सेंटरमधल्या कर्मचाऱ्यांवर नऊ महिन्यांचा प्रयोग केला. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी 13 टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. हे आकडे कंपन्यांच्या सादरीकरणांत आवर्जून दाखवले जातात. त्यांच्यामागचा तपशील मात्र क्वचितच सांगितला जातो. त्या 13 टक्क्यांतला सुमारे 9 टक्क्यांचा वाटा प्रत्येक पाळीत अधिक मिनिटे काम झाल्यामुळे आला होता, म्हणजे मधल्या विश्रांतीचा आणि आजारपणाच्या रजांचा वेळ कामात गेला होता. शिवाय प्रयोगात भाग घेण्यासाठी घरात कामापुरती स्वतंत्र खोली असणे ही अट होती, आणि आठवड्यातला एक दिवस कार्यालयात यायचेच होते. एवढी सोय असूनही प्रयोग संपल्यावर घरून काम केलेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांनी कार्यालयात परतणे पसंत केले. एकटेपणा हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

आता ती स्वतंत्र खोलीची अट पुण्यातल्या वन बीएचके घराला लावून पाहा. नवरा-बायको दोघांचेही एकाच वेळी कॉल सुरू आहेत, स्वयंपाकघरात कुकर लावलेला आहे, आणि सासूबाई टीव्हीचा आवाज बंद करून मालिका पाहत आहेत. अशा घरात कामाची जागा रोज नव्याने शोधावी लागते, आणि बहुतेक वेळा डायनिंग टेबल किंवा पलंगाची कड बाईच्या वाट्याला येते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार स्वतःच्या घरची बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 289 मिनिटे देतात, तर ती करणारे पुरुष 88 मिनिटे. हा भार घरून काम करण्यामुळे निर्माण झालेला नाही. मात्र पूर्वी कार्यालयाची बस पकडल्यावर निदान काही तास तो दृष्टिआड होत असे. आता दोन कॉलच्या मधल्या दहा मिनिटांतही तो हाक मारतो.

घड्याळाचा प्रश्न तर पुण्यातल्या या उद्योगाच्या मुळाशीच आहे. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे अकरा वाजतात, तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ झालेले असतात. अमेरिकी ग्राहकासाठी रात्रीचे कॉल कार्यालयाच्या काळातही होतेच, परंतु तेव्हा शेवटची बस सुटण्याची वेळ हे उठण्यासाठी सर्वमान्य कारण होते. घरी बसलेल्या माणसाकडे असे कारण उरत नाही, आणि कारण नसताना नकार देण्याचे धैर्य नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींकडून अपेक्षित धरणे मला योग्य वाटत नाही. लांबलेल्या तासांची किंमत शरीर मोजते: जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला 55 किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे 35 टक्क्यांनी अधिक असतो.

म्हणूनच ही मर्यादा आखण्याची जबाबदारी एकट्या कर्मचाऱ्यावर टाकता येणार नाही. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2017 पासून 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्कमुक्त राहण्याच्या हक्काविषयी कर्मचारी प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. पोर्तुगालने 2021 मध्ये त्यापुढे जाऊन, अपरिहार्य प्रसंग वगळता, वेळेबाहेर कर्मचाऱ्याशी संपर्क न करण्याचे बंधन मालकावर घातले. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाच्या वेळेनंतर फोन किंवा ईमेलला उत्तर न देणाऱ्या कर्मचाऱ्यावर कारवाई होऊ नये, अशी तरतूद असलेले खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडायचे विधेयक, 2018 मध्ये लोकसभेत मांडले होते. ते मंजूर झाले नाही. 1970 नंतर एकही खासगी विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांत मंजूर झालेले नाही. असा कायदा होत नाही तोवर हिंजवडीतल्या अभियंत्याचा दिवस किती वाजता संपावा, हे त्याच्या कंपनीचे धोरण आणि बहुतेक वेळा त्याचा मॅनेजर ठरवतो.