लाडवांना मुंग्या लागल्या होत्या

(धारूर तालुक्यातल्या एका गावात, अंगणवाडीसमोर आशाताई आणि सासू-सुनांपुढे झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

पारावर बसलेल्या मामालोकांनो, जरा पुढं सरका. हे तुम्हीही ऐकायचंय.

आधी माझीच चूक सांगते. गटप्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख करणारी, होण्याआधी मी आशा होते. एका बाळंतिणीकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी गेले. झोळीत बाळ घातलं, काटा धरला, वजन लिहिलं. बाई भिंतीकडं तोंड करून पडलेली. उशाशी ताटलीत डिंकाचे लाडू, त्यांना मुंग्या लागलेल्या. मी सासूला म्हणाले, "आत्याबाई, झाकून ठेवा की." बाई ते खात का नाही, हे विचारायचं मला सुचलंच नाही. फॉर्मात ताप, रक्तस्राव, असंबद्ध बोलणं, झटके, सगळ्याचे रकाने. ही तर बोलतच नव्हती! एकविसाव्या दिवशी तिनंच विचारलं, "ताई, लेकरू दुसऱ्या कुणाला दिलं तर चालतं का?"

तोवर घरात बाहेरचं लागलंय असं ठरलं होतं, लिंबूही उतरवून झालं होतं. लिंबावरून मी कुणाशी भांडत नाही. पण लिंबू उतरवायला जी चुलती आली, तिनं दोन रात्री लेकरू घेतलं असतं तर बाई झोपली तरी असती.

बाळंतपणानंतर रडू येतं, चिडचिड होते. बहुतेकींचं ते दोन आठवड्यांत आपसूक निवळतं. त्यापुढंही जीव कशात लागत नाही, लेकरू झोपलं तरी डोळ्याला डोळा लागत नाही, तर तो आजार, बाळंतपणानंतरचं नैराश्य. नखरे नाहीत. भारतातल्या अभ्यासांची २०१७ मध्ये एकत्र मोजदाद झाली, तेव्हा शंभरात सुमारे २२ आयांना तो होता. मरायचं बोलली, लेकराला काही करीन म्हणाली, कानात आवाज येतात म्हणाली, तर त्याच दिवशी दवाखाना, आणि तोवर एकटीला सोडायचं नाही.

बाकीच्यांसाठी मोठ्या डॉक्टरांचीच वाट बघावी लागते असं नाही. पाकिस्तानात रावळपिंडीकडच्या खेड्यांत आपल्यासारख्याच आरोग्यसेविकांना शिकवून अशा आजारी आयांशी घरोघर बोलायला पाठवलं. २००८ साली निकाल छापून आला: सहा महिन्यांनी त्यांच्याकडच्या आयांत २३ टक्के आजारी राहिल्या, बाकीच्यांत ५३. आपल्याला तर बेचाळीस दिवसांत सहा भेटी ठरवूनच दिल्यात. दार उघडंच आहे. फक्त काटा खाली ठेवल्यावर पाच मिनिटं बसायचं, आणि सासूला चहा ठेवायला सांगायचं, म्हणजे सून बोलेल. (आत्याबाई हसतायत, पण खरं आहे ते.) पुढं गरज पडली तर टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतवाहिनीचा, १४४१६ नंबर आहे, फोन फुकट लागतो.

आपल्याकडं खरी अडचण दसऱ्यानंतर येते. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, मग दीड महिन्याचं लेकरू घेऊन बाई उसाच्या फडात. तिथल्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, ना सासू, ना मी. नवराही पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतो, उचल फिटेल का याची धास्ती त्यालाही. बाप झाला म्हणून त्याला कोण विचारतं? मागच्या साली मी टोळीतल्या सगळ्यात वयस्कर बाईला गाडी सुटताना गाठलं. म्हटलं, "आक्का, ह्या पोरीचं एवढंच बघ, जेवती का, झोपती का. नाही तर फोन लाव." पंधरा दिवसांनी रात्री नऊला आक्काचा फोन आला. "जेवती गं," म्हणाली, "पण झोपत नाही. मी आजपासून लेकरू माझ्या कोपीत घेतलंय."