बगेट: एका दिवसाचा पाव

(बेकरीतला काउंटर. मागे उभ्या टोपल्यांत लांबलचक पाव.)

पॅरिसमधली सकाळ. रांग पुढे सरकते तशा फर्माइशी ऐकू येतात. कुणाला खरपूस भाजलेला हवा, कुणाला फिकट, मऊसर. बेकरीवालीही न कंटाळता टोपलीतून हवा तो निवडून देते.

जाणकार गिऱ्हाईक मात्र ‘त्रादिस्याँ’, म्हणजे पारंपरिक बगेट, मागतं. चार पैसे जास्त पडतात, पण १९९३च्या सरकारी आदेशाने या पावाला शिस्त लावली आहे. गव्हाचं पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट किंवा आंबवण, एवढ्यावरच तो उभा. टिकाऊपणासाठी बाहेरचं काही घालायचं नाही आणि कणीक गोठवायचीही नाही. साध्या बगेटला एवढी बंधनं नाहीत.

(पाव उलटा होतो. तळ जवळून.)

तळ बघा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली, तर पाव भोकांच्या पत्र्यावर भाजलाय. तळ सपाट आणि किंचित पिठाळ असेल, तर थेट भट्टीच्या लादीवर. ठिपके दिसले म्हणून पाव वाईटच असं नाही, पण चौकशी करायला हरकत नाही. आता वरचे तिरके छेद. भट्टीत घालण्याआधी पात्याने मारलेले हे छेद फुलून त्यांची कड धारदार उभी राहायला हवी. आणि आतला गर? पांढराशुभ्र दिसला तर खूश होऊ नका. यंत्रात फार मळलेल्या कणकेत हवा शिरते, तिचा रंग उडतो आणि चवही उतरते. चांगला गर सायीच्या रंगाचा असतो, लहानमोठ्या भोकांचा.

अशा पावाचं आयुष्य जेमतेम एक दिवस. गरातला ओलावा हळूहळू कवचात उतरतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत तो तिथेच कोंडतो आणि कवच चिवट होतं, म्हणून कागदच बरा. फ्रिज नकोच. तिथल्या गारठ्यात गरातला स्टार्च बाहेरपेक्षाही लवकर कडक होतो. उरणार हे दिसत असेल, तर त्याच दिवशी तुकडे करून फ्रीझरमध्ये टाका. खायच्या वेळी वरून पाण्याचा हलका हात फिरवा आणि २०० अंशांच्या ओव्हनमध्ये काही मिनिटं ठेवा. मुंबईच्या पावसाळी हवेत कागदातलं कवचही लवकर सादळतं, तेव्हाही हाच इलाज.

(जेवणाचं टेबल.)

घरगुती जेवणात पावाला वेगळी बशी नसते. तुकडा थेट टेबलक्लॉथवर, ताटाशेजारी. तो हातानेच मोडायचा, चीजबरोबर खायचा, ताटातला रस्सा त्यानेच पुसून घ्यायचा. पाव उलटा ठेवला तर मात्र घरातलं वडीलधारं माणूस तो मुकाट्याने सुलटा करतं. पूर्वी जल्लादाचा पाव बेकरीत उलटा ठेवत, असं सांगतात. सकाळी तोच पाव लांबीत चिरून लोणी-जॅम लावायचा आणि आपण चहात खारी बुडवतो तसा कॉफीत बुडवायचा. कॉफीवर लोण्याचे डोळे तरंगतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही.

२०२२ मध्ये युनेस्कोने बगेटची कारागिरी आणि संस्कृती अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. पॅरिसमध्ये उत्तम बगेटची स्पर्धा होते आणि विजेत्याचा पाव वर्षभर राष्ट्राध्यक्षांच्या एलिझे प्रासादात जातो.

घरी पाव तरीही उरलाच, तर दूध, अंडं आणि साखरेत भिजवून लोण्यावर परतायचा. काप बोटभर जाड हवेत. पातळ कापले तर दुधातच विरघळतात.