चालवणाऱ्याला रस्ता कळायला हवा

मित्रहो, गाड्यांवर माझा जीव आहे, म्हणूनच आज थोडं तळमळीनं बोलणार आहे. नव्या गाड्या वेगवान झाल्या, सुरक्षित झाल्या, हे मला मान्यच आहे. पण रस्त्यावर काय चाललंय हे चालकाला हातातून, पायातून, नजरेतून कळायचं, ते कळणं कमी होत गेलं. आणि ते कमी झालं की चालवण्याची शिस्तही ढिली पडते. आज मी एवढंच मांडणार आहे.

डॅशबोर्डपासून सुरुवात करू. 'वी बीलेगारे' नावाचं स्वीडनचं एक मोटार मासिक आहे. त्यांनी २०२२ साली ताशी ११० किलोमीटर वेगानं गाड्या चालवत एक चाचणी घेतली. आतलं तापमान वाढवणं, ठरावीक रेडिओ केंद्र लावणं, अशी चार साधी कामं करायला किती वेळ लागतो ते मोजलं. टचस्क्रीनवाल्या नव्या गाड्यांच्या जोडीला २००५ सालची एक जुनी व्होल्व्हो ठेवली होती. बटणांच्या त्या व्होल्व्होला दहा सेकंद लागले, म्हणजे सुमारे ३०० मीटर अंतर. सर्वांत मागे पडलेल्या नव्या गाडीला जवळपास ४५ सेकंद लागले. तेवढ्यात गाडी सव्वा किलोमीटरच्याही पुढे गेली होती.

असं का होतं, ते बघा. तापमानाच्या गोल बटणाच्या कडेला खाचा असतात. हात सवयीनं तिकडे जातो, बोटांना खाच लागते, दोनदा 'टक्' झालं की काम झालं. नजर रस्त्यावरून हलतच नाही. काचेच्या पडद्यावर मात्र बोटाला काहीच लागत नाही. आधी बघायचं, मग बोट न्यायचं, तेवढ्यात खड्डा आला की बोट भलत्याच चौकोनावर पडतं, आणि बरोबर दाबलं गेलं का हे पाहायला पुन्हा बघायचं. २०१७ साली सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाची 'जॉन एस. मॅकेन' ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा नौसैनिक गेले. तपासात टचस्क्रीनवरच्या किचकट नियंत्रणांवरही बोट ठेवलं गेलं. पुढे नौदलानं वेगनियंत्रणासाठी पुन्हा हातानं ढकलायचे दांडे बसवायचं ठरवलं. युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासून गुण देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेनंही २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न, धोक्याचे दिवे यांसाठी खरीखुरी बटणं किंवा दांडे असतील तरच पूर्ण गुण द्यायचं धोरण घेतलं. उशिरा का होईना, हे झालं याचा मला मनापासून आनंद आहे.

आता स्टिअरिंग. हा माझा सर्वांत जिव्हाळ्याचा विषय, तेव्हा जरा वेळ घेतो. गाडी वळते तेव्हा टायरचा जो तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो, त्यातलं वळवणारं बळ चाकाच्या मध्यापेक्षा किंचित मागे लागतं. त्यामुळे चाक सतत सरळ व्हायला बघतं, आणि तोच ओढा आपल्याला स्टिअरिंगमधून हाताला जाणवतो. पकड संपत आली की टेकलेल्या भागाची मागची बाजू आधी घसरू लागते, बळाचा बिंदू पुढे सरकतो आणि ओढा कमी होतो. म्हणजे टायर पूर्ण सुटायच्या आधीच स्टिअरिंग हलकं पडतं. ओल्या रस्त्यावर हे हलकेपण ज्याच्या हाताला कळतं, तो वेळेवर वेग उतरवतो. कुठल्याही दिव्याची वाट त्याला बघावी लागत नाही.

तेलाच्या दाबावर चालणाऱ्या जुन्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमधून हे छान कळायचं. विजेच्या मोटरवर चालणारं स्टिअरिंग आलं त्याला सबळ कारणं होती. हायड्रॉलिक पंप इंजिनवर सतत फिरत राहतो आणि इंधन खातो, मोटर गरजेपुरतीच चालते. गाडीला लेनमध्ये ठेवणारी यंत्रणाही या मोटरशिवाय जमत नाही. त्यामुळे मागे जा असं मी म्हणत नाही. पण विजेचं स्टिअरिंगही बोलकं करता येतं, माझदा एमएक्स-५ मध्ये ते केलेलं आहे. मन लावून काम केलं तर जमतं, फक्त बहुतेक ठिकाणी कुणी लावत नाही.

वजनाचंही तसंच. १९७४ ची पहिली फोक्सवॅगन गोल्फ साधारण ८०० किलोंची होती, आजची १३०० च्या आसपास आहे. यातलं बरंचसं वजन माणसं वाचवणारं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. छत दबू नये म्हणून पुढच्या काचेचे खांबही जाड झाले. पण त्या खांबामागे वळणावर अख्खा पादचारी लपतो, हेही विसरून चालणार नाही. उंच बॉनेटचं मात्र तसं नाही. बऱ्याचदा ती रुबाबासाठीच असतात. अमेरिकेतल्या आयआयएचएस या रस्ते-सुरक्षा संस्थेच्या २०२३ च्या अभ्यासात ४० इंचांहून उंच नाकाच्या गाड्यांच्या धडकेत पादचारी दगावण्याची शक्यता, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त आढळली. रुबाबाची किंमत बाहेरच्या माणसानं का मोजायची?

चालवण्याच्या संस्कृतीकडे वळतो. शून्य ते शंभर किती सेकंदात, यावरच आपण शौकीन लोक गाडी तोलतो, हे मला अजिबात पटत नाही. आज विजेवरची कुटुंबासाठीची गाडीही चार सेकंदांच्या आत शंभर गाठते. त्यात चालकाचं कसब कुठे आलं? कसब दिसतं वळणाआधी, सरळ रेषेतच ब्रेक उरकण्यात. ब्रेकच्या आधी इंडिकेटर देण्यात. पुढच्या गाडीच्या दिव्याकडे टक लावण्याऐवजी तिच्याही पुढची वाहतूक वाचण्यात. गाडी थांबायच्या शेवटच्या हातभर अंतरात पेडलवरचा दाब हलकेच सोडला, तर नाक खाली जाऊन उसळत नाही आणि शेजारी बसलेल्याची मान हलत नाही. मला विचाराल तर चांगला चालक तिथे ओळखावा.

आणि आता गाडी स्वतः अंतर राखते, स्वतः लेन धरते, पण लक्ष तुम्हीच ठेवायचं, अशी व्यवस्था आली आहे. नुसतं बघत बसण्याच्या कामात माणसाचं लक्ष टिकत नाही. हात-पाय कामात असले की ते टिकायला मदत होते. धडक टाळायला आपोआप लागणारे आपत्कालीन ब्रेक, चाकं जाम होऊ न देणारं एबीएस या यंत्रणा शांतपणे पाठीशी उभ्या राहतात, त्या मला हव्याच आहेत. माझा विरोध आहे तो चालकाला निम्मा प्रवासी करून जबाबदारी मात्र पूर्ण त्याच्यावर ठेवण्याला.

ग्राहक बोलले की कंपन्या ऐकतात. फोक्सवॅगननं २०२५ मध्ये महत्त्वाच्या कामांची बटणं परत आणत असल्याचं जाहीर केलं, त्यामागे लोकांची नाराजीही होती. तेव्हा पुढची गाडी बघायला जाल तेव्हा पडदा किती इंची हे नंतर विचारा. उभ्या गाडीत बसा, डोळे मिटा आणि वायपर, धोक्याचे दिवे, काचेवरची वाफ घालवणारं बटण हाताला सापडतं का बघा. मग डोळे उघडा, कॅमेरा न लावता मान वळवून मागे काय काय दिसतं ते तपासा. नाही दिसलं, तर विकणाऱ्याला तसं तोंडावर सांगा, आणि कंपनीलाही कळवा.