घड्याळ थांबत नाही : 'रेस अक्रॉस अमेरिका'ची सुरुवात

कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिकाचा हा समुद्रात गेलेला धक्का. ऑगस्ट १९८२ मध्ये इथून चार सायकलस्वार निघाले. पोहोचायचं होतं न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला. अंतर पावणेपाच हजार किलोमीटरच्या वर. ना टप्पे, ना मुक्काम. घड्याळ इथे सुरू झालं, की थेट न्यूयॉर्कलाच थांबणार. वाटेत झोपलात, तर ती झोपही वेळेत धरली जाणार.

कल्पना जॉन मरिनोची. १९७८ मध्ये सांता मोनिकाहून एकटाच निघून त्याने १३ दिवस, १ तास, २० मिनिटांत न्यूयॉर्क गाठलं होतं. १९८० मध्ये पुन्हा निघाला आणि स्वतःचाच विक्रम मोडला.

एकटा म्हणायचं, पण स्वाराच्या मागून चालणारी गाडी बघा. पाणी, खाणं, पंक्चर, रात्रीचा उजेड, सगळं तिच्यातल्या माणसांकडे. निकालात स्वाराचं नाव लागतं. खरं तर या क्रूचंही लागायला हवं. त्यांच्याशिवाय मोहावीचं वाळवंटसुद्धा पार होत नाही.

१९८१ मध्ये इलिनॉयचा लॉन हाल्डमन न्यूयॉर्कहून पश्चिम किनाऱ्याला गेला आणि तसाच सायकलवर परत आला, साधारण २४ दिवसांत! दोन्ही दिशांचे विक्रम त्याच्या नावावर झाले. पण प्रत्येकाचा वारा निराळा, ऊन निराळं. मग खरा वेगवान कोण? सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच रस्त्याला सोडल्याशिवाय ते कळणार नव्हतं.

म्हणून हे चौघे : मरिनो, हाल्डमन, ऑलिंपिक खेळलेला जॉन हॉवर्ड आणि मायकेल शर्मर. शर्यतीचं नाव 'ग्रेट अमेरिकन बाइक रेस'. चित्रीकरणाला एबीसी टीव्हीचे कॅमेरे सोबत. हाल्डमन पहिला आला, ९ दिवस, २० तास, २ मिनिटांत. ज्याने शर्यत घडवून आणली तो मरिनो चौथा, म्हणजे शेवटचा. पण न्यूयॉर्कला चौघंही पोहोचले.

पुढच्या वर्षी 'रेस अक्रॉस अमेरिका' हे नाव पडलं. त्याच वर्षी शर्मरच्या मानेचे स्नायू इतके थकले, की डोकं वर राहीना. डोकं सावरायला हनुवटीला आधार लावायची वेळ आजही स्वारांवर येते. या दुखण्याला 'शर्मर्स नेक' म्हणतात.

२०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ही शर्यत पूर्ण केली. २०१७ मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकेकट्याने पार केली, अर्थात मागे आपापला क्रू घेऊन.