रिकामं जहाज

(ठाण्यात, नौपाड्यातल्या श्रोत्यांपुढे झालेलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, 'खनिज निर्यातदार आणि उत्पादक राष्ट्रांचे आर्थिक परस्परावलंबन'. हे बारसं माझं नव्हे. मी फोनवर एवढंच म्हणालो होतो, की दाव्याला गाय बांधलीय की गुराखी, यावर बोलेन.

आत्ता नेरूळहून आलो. ऐरोलीनंतर डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि समोरून पनवेलकडे जाणारी गाडी मात्र मोकळी. सकाळी नेमकं उलटं. हा प्रवास रोज करणाऱ्यांना माझं निम्मं भाषण आधीच पाठ आहे. (हशा)

मी बरीच वर्षं 'केपसाइज' जातीच्या मालवाहू जहाजांवर काढली. पावणेदोन लाख टनांच्या आसपास माल पोटात घेणारं धूड. ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला पोर्ट हेडलँड. पिलबाराच्या खाणींतून दोन-दोन किलोमीटरहून लांब मालगाड्या लोहखनिज, म्हणजे आमच्या भाषेत 'ओर', घेऊन येतात. माती इतकी लाल की कोकणातल्या माणसाला घरी आल्यासारखं वाटावं. मलाही वाटलं, ती पोह्यांच्या डब्यात सापडेपर्यंत. तिथून चीनला जाताना जहाज काठोकाठ. परत येताना पोटात नुसतं समुद्राचं पाणी. बलास्ट. हजारो मैल आम्ही पाणी वाहून आणतो, ते बंदरात ओतायला!

चीफ ऑफिसर म्हणून माझं काम काय, तर वरून ओर पडत असताना खालून ते पाणी उपसायचं. दोन्हींचा मेळ बसला नाही तर जहाजाचा कणा ताणतो. एकदा ऐन वेळी पंप रुसला. लोडिंग थांबलं. हेडलँडला भरलेली जहाजं मोठ्या भरतीवरच बाहेर काढतात. आमची भरती हुकली. कप्तानसाहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जेवताना मीठसुद्धा दुसऱ्याकडून मागायचे.

त्याच गोंधळात डेकवर सांडलेलं ओर भरताना फावड्याचा दांडा मोडला. किनाऱ्यावरून नवं फावडं मागवलं. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, देवगडचा. वेष्टण सोलून त्यानं पातं उलटं केलं आणि म्हणाला, "सायबानू, ह्यां तर चायनाचां!" कुणी सांगावं, आम्हीच नेलेल्या मातीचं पोलाद असेल. त्या फावड्यानं आम्ही तीच माती उचलत होतो.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे भाषण आता सुरू करायला हवं. (हशा)

तर, २०२०. कोविडच्या उगमाची चौकशी व्हावी असं ऑस्ट्रेलिया म्हणाला. चीननं बार्लीवर जबर कर लावला, मग वाइनवर. कोळसा बंदरातच अडकवला. 'जग आनंद' या जहाजावर आपले २३ खलाशी जूनपासून जानेवारीपर्यंत चीनच्या जिंगटांग बंदराबाहेर लटकले, ते त्याच कोळशापायी. पण लोहखनिजाला हात लावला? नाही! जगातलं निम्म्याहून जास्त पोलाद चीन बनवतो आणि त्याच्या आयात ओरमधलं निम्म्याहून जास्त ऑस्ट्रेलियाचं. दुसरा मोठा विक्रेता ब्राझील. तिथं २०१९ मध्ये ब्रुमाजिन्योला लोहखनिजाच्या खाणीचा गाळ अडवणारं धरण फुटल्यावर पुरवठा आधीच आटलेला. मे २०२१ मध्ये ओर टनाला दोनशे डॉलरच्या वर गेलं. भांडण चालू, आणि बिल चीन भरतोय!

म्हणून ऑस्ट्रेलियानं मिशीला तूप लावायचं कारण नाही. एवढं ओर घेणारा दुसरा आहे कोण? जपान, कोरियाच्या भट्ट्या मिळूनही पुरणार नाहीत. चीनही गप्प बसलेला नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनीत सिमांडूच्या लोहखनिजाच्या खाणीत पैसा ओतलाय, बंदरापर्यंत सहाशेहून अधिक किलोमीटर रेल्वे टाकलीय. इकडे बार्लीवरचा कर ऑगस्ट २०२३ मध्ये गेला, वाइनवरचा मार्च २०२४ मध्ये.

आपलं काय? गोव्याचं हलक्या प्रतीचं ओर वर्षानुवर्षं चीनला गेलं, आणि आपल्या भट्ट्यांचा कोकिंग कोळसा बराचसा ऑस्ट्रेलियातून येतो. आपण दोन्ही टोकांना बांधलेले. यावर माझी चार पानं आहेत, पण दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न बाहेर चहाला विचारा, पटकन. आता नेरूळची गाडी मोकळी असेल, बसून जाईन म्हणतो.